‘हेसोयाम’चा अर्थ काय? 20 वर्षांपूर्वीच्या गेममधले चीट कोड सापडले कसे?

जळगाव असो की धुळे, सायबर कॅफेत ‘जीटीए : सॅन अँड्रियास’ खेळलेल्या पिढीला एक शब्द आजही पाठ आहे : हेसोयाम. कीबोर्डवर ही सात इंग्रजी अक्षरे टाइप केली की तब्येत ठणठणीत, अंगावर चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर! या शब्दाचे अर्थ अनेकांनी लावले. खरे उत्तर असे, की त्याला अर्थच नाही. गेम बनवणाऱ्यांनी तो शब्द ठरवलेलाच नव्हता.

आधी कोड कुठे लपवत?

टीव्हीला जोडायच्या गेममधला ‘काँट्रा’ आठवा. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. मग 3 ऐवजी 30 लाइफ. जपानचे काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 मध्ये ‘ग्रेडियस’ तपासताना तो फार अवघड जात होता म्हणून ही युक्ती त्यात टाकली होती. ‘काँट्रा’च्या कार्ट्रिजमधील चिपमध्ये ही दहा बटणे दहा आकड्यांच्या रूपात ओळीने नोंदलेली आहेत. चिपमधील माहिती संगणकावर उतरवून उलगडली की ती दिसतात. तयार वस्तू उलगडून ती कशी बनवली हे शोधणे, म्हणजेच रिव्हर्स इंजिनिअरिंग.

‘सॅन अँड्रियास’मध्ये वेगळे काय?

2005 मध्ये संगणकावर आलेल्या या गेममध्ये कोडचे शब्द ठेवलेच नव्हते. प्रत्येक शब्दावर गणित करून आलेला फक्त एक आकडा ठेवला होता. त्याला ‘हॅश’ म्हणतात. खान्देशी भाषेत सांगायचे तर हे वांग्याचे भरीत. वांग्यापासून भरीत होते, भरितापासून पुन्हा वांगे होत नाही. खेळाडू जे टाइप करेल त्याचा आकडा गेम काढतो आणि आपल्याकडच्या आकड्यांशी जुळवतो. जुळला की चीट सुरू.

मग कुलूप उघडले कसे?

आकडा काढण्याची पद्धत मात्र गेममध्येच होती. ती उलगडल्यावर एएएए, एएएबी असे करत अक्षरांच्या जुळण्या संगणकाला एकेक तपासायला लावता येतात. इथे वापरलेल्या ‘सीआरसी-32’ पद्धतीत एकूण आकडे सुमारे 429 कोटीच. सात इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या मात्र 803 कोटी. म्हणजे अनेक वेगवेगळ्या शब्दांचा आकडा एकच येणार. म्हणूनच ‘हेसोयाम’ किंवा ‘एल-एक्स-जी-आय-डब्ल्यू-वाय-एल’ अशा निरर्थक अक्षरांनीही कुलूप उघडते. मूळ कोड होता 13 अक्षरांचा ‘आय नीड सम हेल्प’, म्हणजे ‘मला थोडी मदत हवी’. तो टाइप केला तरी काम तेच होते.

तुमच्या पासवर्डशी काय संबंध?

थेट संबंध आहे. चांगल्या वेबसाइट आणि ॲपही पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश ठेवतात. फरक इतकाच की सीआरसी-32 ही माहिती पाठवताना झालेली चूक पकडण्यासाठी बनलेली, झटपट चालणारी पद्धत आहे. गुपित राखण्यासाठी नाही. पासवर्डसाठी मुद्दाम संथ आणि कितीतरी मोठा आकडा देणाऱ्या पद्धती वापरतात. तरीही हॅशची यादी चोरीला गेली, तर चोर हीच युक्ती वापरतो : जुळणी करून पाहत राहायचे. अशा वेळी छोटा पासवर्ड आधी फुटतो.

काय लक्षात ठेवावे?

- पासवर्ड लांब ठेवा. एक अक्षर वाढले, तरी फक्त छोट्या इंग्रजी अक्षरांतही चोराचे काम 26 पट वाढते.
- एकच पासवर्ड दोन ठिकाणी नको.
- ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखादी साइट तुमचा जुनाच पासवर्ड पाठवत असेल, तर सावध व्हा. तिने भरीत केलेले नाही, वांगे तसेच ठेवले आहे.