नौकेवरील बॅटऱ्या आणि त्यांचा चार्जर

अमेरिकेतील सरोवरांवर ‘बास’ नावाच्या माशाच्या शिकारीसाठी खास नौका वापरतात. माशाला चाहूल लागू नये म्हणून शिकारी मोठे इंजिन बंद करतो व लहानशा विजेच्या मोटारीवर नौका संथपणे हाकतो. ही मोटार 12, 24 किंवा 36 व्होल्टची असते. तिला बहुधा 12 व्होल्टच्या एक, दोन किंवा तीन बॅटऱ्या लागतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी निराळीच. दिवसभर वापरलेल्या या बॅटऱ्या रात्रीतून भरण्याचे काम नौकेतच बसविलेला चार्जर करतो.

तो घेताना आधी बॅटऱ्या पाहाव्यात, मग किंमत. जितक्या बॅटऱ्या, तितक्या त्याच्या स्वतंत्र शाखा हव्यात. पुढे शक्तीचा विचार. 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्मी रिकामी झाली, तर 10 अँपिअरची शाखा ती रात्रीत भरते. 5 अँपिअरच्या शाखेला रात्र अपुरी पडते. येथेच पुष्कळजण फसतात. वेष्टनावरील आकडा कित्येकदा सर्व शाखांची बेरीज असतो. तीन शाखांच्या 15 अँपिअरच्या चार्जरातून प्रत्येक बॅटरीला अवघे 5 अँपिअर मिळतात.

शेवटी बॅटरीची जात. शिसे-आम्लाची व लिथियमची बॅटरी भरण्याची रीत एक नव्हे. व्होल्ट प्रमाणाबाहेर गेले, तर ओल्या बॅटरीतील पाणी आटते व ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून बॅटरीच्या निर्मात्याने सांगितलेली रीत चार्जरात आहे ना, हे पाहूनच पैसे मोजावेत. सरोवराच्या मध्यावर मोटार थांबल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही.