न सांगितलेले तीन महिने आणि रमजानचे रोजे

रमजानचा चांद दिसला की घरातल्या कर्त्या बाईचा हिशेब सुरू होतो. सेहरीला किती जण उठणार, खिचडी किती टाकायची, तरावीहला कोण जाणार, रोजे कोणाकोणाचे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या नव्या सुनेला देता येत नसते. तिला दोन महिने होऊन गेलेले असतात आणि नवऱ्याखेरीज ते कोणाला ठाऊक नसते. उर्दूत याला ‘उम्मीद से होना’ म्हणतात, मराठीत ‘दिवस जाणे’. पण तीन महिने पूर्ण होईपर्यंत वाच्यता करायची नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच. काही मराठी घरांत तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरली जाणारी ओटी तर ‘चोरओटी’ याच नावाने ओळखली जाते.

इतर महिन्यांत हे गुपित सांभाळणे फारसे अवघड नाही. रमजानमध्ये मात्र कोण काय खाते आणि कधी खाते, हे सगळ्या घराला दिसते. मासिक पाळीच्या दिवसांत बायकांना रोजा नसतो, तरी बहुतेक घरांत त्या स्वयंपाकघराचे दार लोटूनच दोन घास खातात. सेहरीलाही सगळ्यांबरोबर उठून बसतात. त्या पाच-सहा दिवसांचा हिशेब थोरल्या बायका न बोलता ठेवून असतात. म्हणून गरोदर स्त्री दोन्ही बाजूंनी पकडली जाते : रोजे सोडले तर ‘आठवडा झाला, अजून नाही?’ आणि सगळे ठेवले तर ‘या वेळी खंड पडला नाही?’ त्यातून इफ्तारच्या ताटातली पपईची फोड तिने हळूच बाजूला सारली, की सासूला आणखी पुराव्याची गरज उरत नाही.

या लपवालपवीतून एक गंभीर गोष्ट घडते. शरीर नको म्हणत असतानाही अनेकजणी केवळ बातमी फुटू नये म्हणून रोजा ठेवतात. त्याला इबादत म्हणायचे की संकोच, हे त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही.

धर्माने मात्र या बाबतीत संकोच ठेवलेला नाही. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, असा त्यामागचा हेतूही तिथेच सांगितला आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांतल्या हदीसमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा स्पष्ट उल्लेख येतो. या सवलतीला ‘रुखसत’ म्हणतात. गरोदर स्त्रीने रोजा ठेवायचाच नाही, असा याचा अर्थ नाही. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला अपाय होण्याची रास्त भीती असेल, तर ती रोजा सोडू शकते. ही भीती रास्त आहे की नाही हे आधीच्या अनुभवावरून, दिसणाऱ्या लक्षणांवरून किंवा जाणत्या डॉक्टरच्या सल्ल्यावरून ठरते. शेजारणीच्या ‘आम्ही तर सगळे ठेवले होते’वरून ठरत नाही.

पुढचा प्रश्न भरपाईचा. मराठवाडा, खानदेशातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत; त्यांच्याकडे गरोदर स्त्रीने सुटलेले रोजे पुढे ठेवायचे, म्हणजे फक्त ‘कजा’. पैसे किंवा धान्य दिले की विषय संपला, हा समज तिथे चुकीचा ठरतो. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या मते स्वतःच्या प्रकृतीसाठी रोजा सोडला तर कजा पुरते, केवळ बाळाच्या काळजीने सोडला तर कजाबरोबर ‘फिदया’, म्हणजे दर रोज्यामागे गरिबाला धान्य. औरंगाबादची मुलगी रत्नागिरीत नांदायला गेली, की एकाच घरात दोन उत्तरे ऐकू येतात ती यामुळे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणखी दोन गोष्टी बायकांना वेळेवर कोणी सांगत नाही. आपोआप झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही. आणि ठेवलेला रोजा चक्कर, अशक्तपणा किंवा बाळाची भीती यामुळे मधेच सोडावा लागला, तर फक्त त्या एका दिवसाची कजा आहे. साठ दिवसांचा कफ्फारा नाही. या कफ्फाऱ्याच्या भीतीने दुपारी भोवळ येत असतानाही पाण्याचा घोट न घेणाऱ्या बायका आहेत. जुम्याच्या बयानात जकात आणि फित्र्याचा हिशेब दरवर्षी होतो. त्यातली पाच मिनिटे या विषयाला दिली आणि पुरुषांनी ती घरी पोहोचवली, तर बरेच काही सुकर होईल.

आता शरीराची बाजू. पहिल्या तिमाहीतल्या मळमळीशी संबंध जोडला जाणारे एचसीजी हे संप्रेरक आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. नेमक्या त्याच दिवसांत असरनंतर घरात कांदाभजी तळायला घेतली, की तिला मोरीकडे धावावे लागते. गरोदरपणात उपाशी राहिल्यावर रक्तातली साखर एरवीपेक्षा लवकर उतरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे रोजा तेरा तासांच्या आसपास असतो. त्यात उलट्या चालू असतील तर पाणी कमी पडते. लघवी गडद होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटात काहीच न ठरणे ही थांबण्याची लक्षणे आहेत. मधुमेह, रक्तदाब किंवा आधीचा गर्भपात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही रोजा नको. रक्तस्राव किंवा पोटात तीव्र वेदना असतील तर इफ्तारची वाट पाहायची नाही.

गर्भपाताविषयी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. बहुतेक गर्भपात पहिल्या तिमाहीतच होतात आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तरीही रमजानात असे घडले, की कोणी म्हणते रोजे ठेवले म्हणून, कोणी म्हणते सोडले म्हणून. आणि बातमीच कोणाला सांगितलेली नसल्यामुळे तिच्याजवळ बसून रडणारेही कोणी नसते. तीन महिने गप्प राहण्याची ही किंमत आहे. निदान सासूला किंवा आईला, एका वडीलधाऱ्या बाईला तरी विश्वासात घ्यावे. त्या बाईने ताट झाकून खोलीत नेऊन दिले, तर निम्मी अडचण तिथेच मिटते.

सूरह मरियममध्ये हजरत मरियम यांच्या प्रसूतीचा प्रसंग आहे. खजुराचे खोड हलवायचे, पडलेली ताजी खजूर खायची, पाणी प्यायचे असे त्यांना सांगितले जाते. त्याच ठिकाणी त्यांच्या रोज्याचाही उल्लेख येतो, पण तो मौनाचा रोजा आहे. कळा सोसणाऱ्या बाईला लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागू नयेत, याची तिथे सोय केलेली आहे.

साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात मळमळ ओसरते, भूक परत येते. नेमका रमजानचा शेवटचा अशरा आला असेल, तर मन ओढ घेते; शब-ए-कद्रच्या रात्री चुकवाव्या असे कोणाला वाटत नाही. रात्रीच्या इबादतीला रोजा ठेवण्याची अट नाही, आणि उभे राहणे झेपत नसेल तर नमाज बसूनही होते. डॉक्टरांनी हो म्हटले तर एक रोजा ठेवून पाहावा, दुसऱ्या दिवसाचे दुसऱ्या दिवशी.

याच आठवड्यांत काही कामे उरकायची असतात. सरकारी केंद्रात नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा दंडक आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी असते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने किंवा तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही. पण काही वेळा सोनोग्राफीआधी भरपूर पाणी प्यायला सांगतात, म्हणून वेळ घेतानाच विचारून घ्यावे. पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, आणि त्यानंतर १८० दिवस लोहाची गोळी. ही गोळी इफ्तारनंतरच्या चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. तरावीहनंतर, जेवण आणि चहा यांपासून थोडे अंतर ठेवून घेतलेली बरी.

राहिला कजाचा हिशेब. या ईदला बारा आठवडे पूर्ण होत असतील, तर बाळंतपण आणखी सुमारे अठ्ठावीस आठवड्यांनी. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे पुढच्या रमजानला बाळ जेमतेम चार महिन्यांचे आणि अंगावरच पिणारे असेल. पुन्हा रुखसत लागू होऊ शकते; कजा साठ रोज्यांपर्यंत जाईल. कजा सलग ठेवण्याची अट नाही. बाळ वरचे खायला लागल्यावर, हिवाळ्याच्या लहान दिवसांत आठवड्याला एक-दोन असे ते सहज उतरतात. फक्त आकडा डायरीत लिहून ठेवावा, आणि तो नवऱ्यालाही माहीत असावा. त्या दिवसांची सेहरी तिला एकटीनेच करावी लागू नये.