त्याग कुणी करायचा?

आपले सर्व विकून गोरगरिबांना दे, असे येशूने सांगितले ते एका धनवान तरुणाला. उपाशी मजुराला नव्हे. हा भेद धर्मोपदेशकांच्या ध्यानातून पुष्कळदा सुटतो. मग ज्याच्यापाशी टाकण्यासारखे काहीच नाही, त्यालाच त्यागाचा उपदेश ऐकावा लागतो.

इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातांवर आली आणि सहांची धमकी मिळाली, तेव्हा जॉर्ज लव्हलेसने संघ उभारला. हा मजूर मेथॉडिस्ट पंथाचा उपदेशकही होता. पोटाला चिमटा घेऊन धर्मग्रंथ जमवणारा. संघ करण्यावरील बंदी १८२४ सालीच उठली होती. म्हणून बेकायदा शपथेचा १७९७ चा कायदा उकरून काढण्यात आला, आणि मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली.

तुरुंगातला पाद्री त्यांना म्हणाला, तुमच्या मालकांपेक्षा तुमचीच स्थिती बरी आहे! ससे-कोल्ह्यांच्या शिकारीसाठी इतके घोडे पोसले जाताना दिसतात, मग हे खरे कसे मानू, असे लव्हलेसने त्याला विचारले. १८३७ साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केले.

त्याला लोभी म्हणायचे काय? मागणी होती ती बायकामुलांच्या भाकरीपुरती. माझ्या मते त्याचे आत्मिक धन निराळ्याच जागी दिसते: सोबत्यांशी त्याने इमान राखले. (संघटनेच्या कामात पाहतो, पगार कापला गेला तरी माणूस तग धरतो, इमान राखणे त्याहून जड जाते.)

१८३६ साली माफी मिळाली. लव्हलेस मायदेशी परतला आणि पुढे कॅनडात जाऊन शेती करू लागला.