ओघळाची लिपी

नृत्याला चित्रप्रक्षेपणाची जोड मिळाली म्हणजे ते बहुधा रंगवलेल्या पडद्याचेच काम करू लागते. मागे समुद्र उसळतो आणि पुढच्या नर्तकाला प्रेक्षकाने लाट समजावे, अशी अपेक्षा असते. ही सोय फार स्थूल आहे. तैवानच्या ‘क्लाउड गेट’ या नृत्यसंस्थेसाठी लिन ह्वाय-मिन यांनी २०१० मध्ये रचलेले ‘भिंतीवरील पाण्याचे डाग’ हे नृत्य तिच्यापासून कटाक्षाने दूर राहते.

शीर्षकामागे आठव्या शतकातील दोन चिनी सुलेखनकारांची आख्यायिका आहे. भिक्षू ह्वाय-सू याने आपल्या अक्षरांची प्रेरणा म्हणून उन्हाळी ढगांचा दाखला दिला. तेव्हा ज्येष्ठ येन चन-छिंग याने, भिंतीवरून उतरणाऱ्या ओघळाचे काय, असे विचारले. भिक्षूला ते तत्काळ पटले. गळक्या घराची भिंत पावसाळ्यात आपणही पाहिलेली असते. तिच्यावरून थेंब सरळ धावत नाही. तो अडतो, साचतो आणि स्वतःच्याच भाराने पुढे सरकतो. रेषेच्या अंगी असा अंतर्गत विरोध असावा, हा त्या उपमेचा आशय. लिन यांच्या नर्तकांची शरीरे ताई-चीच्या अभ्यासातून घडलेली असल्यामुळे ही गती त्यांच्या ठायी अनुकरण म्हणून येत नाही. ती श्वासातूनच निघते.

रंगमंच म्हणजे प्रेक्षकांकडे उतरत येणारी पांढरी भूमी, जणू कोरा कागद. तिच्यावरून काळ्या-करड्या छाया सरकतात. त्यांना ढग म्हणावे, शाई म्हणावे की ओल, याचा निर्णय होत नाही, आणि तो होऊ नये हेच इष्ट. येथे प्रक्षेपण पायांखाली आहे. नर्तक त्याच्यासमोर उभे नसून त्याच्यात वावरतात. तोशिओ होसोकावा यांचे संगीत या हालचालीला ताल पुरवीत नाही, अवकाश देते.

लिन यांच्या १९९८ च्या ‘चंद्रजल’मध्ये खरेखुरे पाणी रंगमंचावर वाहत येते, २००१ च्या ‘शीघ्रलिपी’मध्ये चिनी अक्षरे प्रक्षेपित होतात. ती अक्षरे आपल्यासारख्या परभाषिकाला अखेर नक्षीच वाटतात. २०१० च्या रचनेत पाणीही नाही, अक्षरही नाही. म्हणूनच ती आपल्याला अधिक वाचता येते. एक आक्षेप मात्र राहतो. काही वेळा छायांची चाल इतकी मोहक होते की डोळे शरीराला सोडून तिच्याच मागे जातात, आणि तेवढा वेळ नर्तक केवळ तिच्यावरचे ठिपके उरतात.