एफ-वन २०२६: मागच्या वर्षीचं टेबल विसरा

मंडळी, आधी एक कबुली. गेल्या सीझनआधी मी छातीठोक सांगितलं होतं, हॅमिल्टन फेरारीत टायटलसाठी लढणार. चीनमधला स्प्रिंट सोडला तर रविवारच्या रेसमध्ये त्याला एकही पोडियम मिळाला नाही! तरी परत बोलतोय, कारण या वेळी डावच नव्याने मांडलाय.

इलेक्ट्रिक मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून थेट ३५०. म्हणजे जवळपास निम्मी पॉवर विजेची. बॅटरीत साठवता येणारी ऊर्जा मात्र तेवढी वाढलेली नाही. स्ट्रेटच्या मध्यातच ती संपली, तर मागचा सहज पुढे जाणार. त्यामुळे ब्रेक मारताना कोण किती चार्ज करतो, यावर रेस ठरेल असं मला वाटतं.

२०१४ मध्येही इंजिनचे नियम बदलले होते. मर्सिडीजने १९ पैकी १६ रेस मारल्या. म्हणून माझा अंदाज: रसेल चॅम्पियन. मॅक्लारेनलाही तेच इंजिन आहे, हो, पण ते विकत घेतलेलं. गाडी आणि इंजिन एकाच घरात बनलं की थोडा फायदा होतोच.

रेड बुल फोर्डसोबत पहिल्यांदाच स्वतःचं इंजिन आणतेय, व्हर्स्टॅपेनचं टेन्शन वाटतं. नवख्या कॅडिलॅकला एक पॉइंट मिळाला तरी पार्टी.

८ मार्च, मेलबर्न. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊ. चहा घेऊन बसा.