परदेशातील भाड्याचे घर आणि दीड वर्षांचे मूल

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात आजारी मुलांबरोबर धडधाकट मुलेही येऊ लागतात. त्यांच्या पालकांना परदेश प्रवासासाठी औषधांची यादी हवी असते. पूर्वी आपल्या बडोद्यातील कुटुंबे सहल कंपनीबरोबर जात आणि रोज नव्या हॉटेलात उतरत. अलीकडे स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी आठवडाभरासाठी एखादे सुसज्ज घर भाड्याने घेऊन आजी-आजोबांसह तेथेच राहण्याची पद्धत रूढ होत आहे. तान्ह्या किंवा चालू लागलेल्या मुलाच्या दृष्टीने मला ती अधिक पसंत आहे. झोपेची वेळ पाळता येते, कुकर लावता येतो, मऊ वरण-भात मिळतो. मात्र यादी लिहून देताना मी पालकांना एक प्रश्न विचारतो: घर कोणत्या मजल्यावर आहे? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खिडकीला गज किंवा जाळी असते. त्यामुळे आपल्या मुलांना खिडकीचे भय ठाऊक नसते आणि खरे तर आपल्यालाही नसते. मध्य युरोपातील घरांच्या खिडक्यांना गज नसतात. तेथील खिडकीची मूठ आडवी केली की संपूर्ण झडप दारासारखी आत उघडते. मूठ वर केली की झडपेची केवळ वरची कड आत झुकते आणि हवा येत राहते. ही दुसरी अवस्था सुरक्षित भासते, पण खिडकीखालच्या सोफ्यावर चढलेल्या मुलाची मान त्या निमुळत्या फटीत अडकू शकते. म्हणून अशा घरात शिरल्यावर सामान उघडण्यापूर्वी सोफा, खुर्च्या व लहान टेबले खिडक्यांपासून आणि बाल्कनीपासून दूर सरकवावीत. खोलीत मूल असताना खिडकी बंद ठेवावी व हवा खेळती ठेवायची ती मूल दुसऱ्या खोलीत असताना. दोन वर्षांपूर्वी इंटरलाकेनजवळच्या अशाच एका घरात नातवासह राहण्याचा योग आला, तेव्हा आम्ही पहिला अर्धा तास हेच केले. नंतर मी गुडघ्यांवर बसून सर्व खोल्यांतून फिरलो. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी तक्रार केली, पण मुलाच्या उंचीवरून घर निराळेच दिसते.

स्वयंपाकघरातील शेगडी बहुधा काळ्या काचेची, सपाट असते. ज्योत दिसत नाही आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते. ‘हाऽऽ, चटका’ म्हणून ज्योतीपासून दूर राहायला शिकलेल्या मुलाला ही शेगडी म्हणजे एक टेबल वाटते. भांडी धुण्याच्या यंत्राच्या वड्या व कपड्यांच्या साबणाच्या रंगीत पुड्या सिंकखालच्या कपाटात असतात. त्या दिसायला गोळ्या-चॉकलेटसारख्या, पण त्यांतील तीव्र अल्कली तोंड, घसा व डोळे भाजून काढते. हे सारे प्रथम वरच्या फळीवर हलवावे. नळाचे गरम पाणीही आपल्या गीझरच्या अंदाजाने वापरू नये. ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्याने प्रौढाची त्वचाही सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते, बालकाची त्याहून लवकर. टबात आधी थंड पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्यावरच मूल.

माझ्या व्यवसायबंधूंसाठी येथे बटन बॅटरीचा विषय थोडा विस्ताराने मांडतो. भाड्याच्या घरात रिमोट, वजनकाटा, घड्याळे, शोभेचे दिवे अशा अनेक वस्तूंत त्या असतात आणि झाकणे सैल झालेली असतात. २० मिलिमीटर व्यासाची लिथियमची बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या ऊतीतून विद्युतप्रवाह वाहतो, ऋण बाजूस हायड्रॉक्साइड तयार होते आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मूल प्रारंभी केवळ लाळ गाळते किंवा खाणे नाकारते. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखी दिसते, परंतु तिच्या कडेला दुहेरी वलय असते. ते शोधलेच पाहिजे. संशय येताच रुग्णालय गाठावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल व घटनेला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, अधिकाधिक सहा वेळा. मधासाठी निघण्यास विलंब मात्र करू नये.

आता झोपेकडे वळू. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. बडोद्यात रात्री नऊला झोपणारे मूल तेथे सायंकाळी साडेपाचलाच पेंगते आणि पहाटे तीनला ताजेतवाने होऊन खेळणी मागते. शिवाय जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. यावर उपाय उजेडाचाच आहे. सायंकाळी मुलाला बाहेर उजेडात फिरवावे आणि झोपेची वेळ रोज तासाभराने पुढे न्यावी. पहाटे जाग आली, तरी बाहेरचे शटर व दिवे बंद ठेवून हळू आवाजात बोलावे. तीन-चार दिवसांत घडी बसते. परका उंच पलंग व जाड रजई यांपेक्षा गादी जमिनीवर अंथरून सर्वांनी जवळ झोपावे, ही आपली जुनी रीतच तेथे उत्तम ठरते. विमानात झोप लागावी म्हणून काही पालक औषध मागतात. ते मी देत नाही. प्रोमेथाझीनसारख्या औषधाने दोन वर्षांखालील मुलाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो आणि सहा-आठ तासांच्या शांततेसाठी तो पत्करण्याजोगा नाही.

तेथे अशी घरे बहुधा शनिवारी ताब्यात मिळतात आणि रविवारी रेल्वे स्थानकांतील दुकाने सोडता बाजार बंद असतो. म्हणून दूध, केळी, बटाटे शनिवारीच आणावेत. डाळ-तांदूळ घरून नेण्याचा मोह होतो, पण सीमाशुल्काचे नियम आधी पाहावेत. घरचे तूप व पेढे मात्र निश्चितच नेता येत नाहीत.

युंगफ्राउयोखला तान्ह्या मुलाला न्यावे का, हे हमखास विचारले जाते. ते स्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे. तेथे प्राणवायूचा दाब बडोद्याच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. डोके दुखते हे दीड वर्षांचे मूल सांगू शकत नाही. ते किरकिरते, खात नाही, ओकते. सर्दी झालेल्या किंवा हृदय वा फुप्फुसाचा विकार असलेल्या मुलाला नेऊ नये असे माझे मत आहे. निरोगी मुलाला नेलेच, तर मुक्काम अल्प ठेवावा आणि वरील लक्षणे दिसताच पुढच्या गाडीने खाली यावे.

शेवटी एक कागद. घराचा पूर्ण पत्ता, मजला, रुग्णवाहिकेसाठी १४४ व विषबाधेच्या सल्ल्यासाठी १४५ हे स्विस क्रमांक, मुलाचे किलोग्रॅममधील वजन आणि चालू औषधांची मूळ नावे त्यावर ठळक अक्षरांत लिहून तो मुख्य दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. व्यापारी नावे तेथे कोणी ओळखणार नाही. पॅरासिटामॉलचे द्रावणही देशोदेशी निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते, म्हणून आपली बाटली मोजमापाच्या पिचकारीसह सोबत न्यावी आणि मात्रा चमच्यांत नव्हे, मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी.