टोळ, मुंबई
ऑर्थॉप्टेरा गणाच्या ॲक्रिडिडी कुलातील एक कीटक. शास्त्रीय नाव पतंगा सक्सिंक्टा. लांबी सु. ५–७ सेंमी.; रंग तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा. नावातील मुंबई म्हणजे शहर नव्हे, जुना मुंबई इलाखा. भारतात याच्या मोठ्या धाडी १८३५–४५, १८६४–६६ व १९०१–०८ या काळांत आल्या. शेवटच्या धाडीचा अभ्यास करून एच्. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

वर्षात एकच पिढी होते. मादी पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत अंडी घालते. पिले खरिपाबरोबरच वाढतात व पावसाळा संपताना त्यांना पंख फुटतात. ज्वारी, भात, ऊस यांसारखी तृणकुलातील पिके ती विशेषेकरून खातात. प्रौढ टोळ पुढील पावसाळ्यापर्यंत जननक्षम होत नाहीत. हे दीर्घ अंतर थवे सह्याद्रीच्या रानांत काढीत आणि उन्हाळ्यात तेथून बाहेर पडत.

१९०८ नंतर भारतात याची मोठी धाड आलेली नाही. तथापि ही जाती लुप्त झाली असे म्हणणे चूक होय. एकएकटे टोळ आजही आढळतात, लोपली ती थव्याची अवस्था. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतीय टोळ (मेलॅनोप्लस स्प्रेटस) मात्र १९०२ नंतर जिवंत सापडलेला नाही. थायलंडमध्ये जंगले तोडून मक्याची लागवड वाढली, तेव्हा १९६० नंतर याच मुंबई टोळाचा तेथे उपद्रव सुरू झाला. मे २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलकडे उतरलेले थवे वाळवंटी टोळाचे होते. ती जाती निराळी.